जावईबापूंची तत्परता

केकचा दुसरा घास तिनं घेतलाच नाही. चमचा बशीत ठेवला आणि घसा खाकरला.

माहेरच्या टेबलावर सगळे जेवत होते, पण लक्षात आलं ते एकट्या जावईबापूंच्या. "ओठ बघा हिचे," ते म्हणाले. ओठ सुजायला लागले होते. मानेवर लाल गांध्या उठल्या होत्या. "केकमध्ये अक्रोड असणार, हिला त्याची अ‍ॅलर्जी आहे. घाबरू नका. बाबा, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा. हिच्या इंजेक्शनचं पेन माझ्या खिशातच असतं."

सासरे फोनकडे धावले. सासूबाई कपाटं उचकायला लागल्या. जावईबापूंनी बायकोला उचलून शेजारच्या खोलीत नेलं, पलंगावर निजवलं, पायांखाली दोन उशा सरकवल्या. "गर्दी नको, हिला हवा लागू द्या," म्हणत दार आतून लावून घेतलं. हवा लागावी म्हणून दार लावणारा माणूस विरळाच, पण अशा वेळी कोण विचार करत बसतं.

मग त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण मात्र काढलं नाही. पलंगाच्या कडेला निवांत बसले.

तिनं हात पुढे केला. त्यांनी पेन दुसऱ्या हातात घेतलं.

"मी सांगत होतो, साहेबांनी मला स्वतंत्र केबिन दिली. आणि तू काय म्हणालीस? केबिन कसली, जिन्याखालची अडगळ आहे ती. तुझे बाबा ठसका लागेपर्यंत हसले."

"चुकलं."

"ऐकू नाही आलं."

"चुक... लं." आवाज पार बसला होता.

"बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगशील?"

तिनं होकारार्थी मान हलवली. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डोळे त्या पेनावरून हलत नव्हते. जावईबापू कान देऊन ऐकत होते. आधी ओठ, मग अंग, मग आवाज, मग श्वास, हा क्रम त्यांना बायकोपेक्षा चोख पाठ होता. मागच्या वेळी त्यांनी इंजेक्शन जरा लवकरच दिलं होतं.

नीच माणूस. पण हात काय स्थिर त्याचा! टोपण काढलं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच पेन दाबलं, सावकाश दहापर्यंत आकडे मोजले.

दार उघडलं तेव्हा सासूबाई समोरच उभ्या होत्या. मुलगी श्वास घेतेय हे दिसलं आणि त्यांनी जावयापुढे हातच जोडले.

"तुम्ही होतात म्हणून वाचली हो माझी पोर!"

"कर्तव्यच आहे माझं, आई."

"आणि मी मेली कपाटं उचकत बसले." त्यांच्या हातात तसंच एक पेन होतं, नवंकोरं. "मागच्या महिन्यात हिनंच आणून दिलं. तुझ्याजवळ असू दे म्हणाली, ह्यांना सांगू नको. आत्ता सापडलं, चादरींच्या घड्यांत."

पलंगावरून तिनं हात उचलला. जीभ अजून वळत नव्हती.

"पडून राहा गं," आई म्हणाली. "नवऱ्यापासून असलं काही लपवतात का, वेडाबाई?" आणि तिनं ते पेन जावयाच्या हातात दिलं. "माझे हात थरथरतात. हेही तुमच्याकडेच ठेवा."

जावईबापूंनी पेनावरची तारीख नीट वाचली.

"अजून दीड वर्ष चालेल," ते बायकोकडे बघत म्हणाले, आणि पेन खिशात ठेवलं.