हलक्या हाताची सिस्टर

डायलिसिसच्या खोलीत खुर्च्या आठ, पण सुई कधी टोचली ते कळू न देणारी सिस्टर एकच. दुसरा टेक्निशियन तर दाभणानं पोतं शिवावं तसा हात चालवायचा. आठवड्यातून तीनदा मशीनला बांधून घेणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याला कळलं, की सिस्टरला बढती देऊन मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत. तेवढ्यात पेशंटच्या मताचा कागद हातात आला. त्यानं नाव न घालता लिहून टाकलं, "हिचा हात जड आहे. फार दुखतं."

त्या एका कागदानं बढती अडली. गवंडी खुशीत येऊन खुर्चीत बसला.

सिस्टर सुई घेऊन आली, डोळे सुजलेले. "काका, कुणीतरी लिहिलंय, माझ्या हातून दुखतं म्हणून. तुम्ही तरी सांगायचं की हो मला."

खरं बोलावं, तर ही जाणार.

"लिहिणाऱ्याचे हात झडोत," गवंडी म्हणाला. "तू टोच बिनधास्त."

तिनं बाहीनं डोळे पुसले आणि सुई टोचली. पहिली सुई हुकली, दुसरीही हुकली.

"दुखलं का, काका?"

"छे गं," तो दात आवळून म्हणाला. चार वर्षं तो तिला हेच उत्तर देत आला होता, खोटं मात्र ते आजच होतं.