केबल पास झाली

"नवी केबल येतेय. तोवर जुनीला कुणी हात लावायचा नाही," इंजिनिअर म्हणाला आणि जिना उतरून गेला.

"बघितलंत आई? नजर म्हणून भिडवत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय," ती सासूला म्हणाली.

काचेपलीकडे, कोपऱ्यातल्या खिडकीशी तिचं बाळ होतं. दिवस न भरताच आलेलं, श्वासाच्या यंत्रावर. सकाळपासून वॉर्डातले दिवे लुकलुकत होते. जनरेटरची वीजही त्याच एका केबलने वर यायची. तिने मोबाइलवर वाचलं होतं: केबलचं आवरण जुनं झालं की त्यात ओल शिरते, आतल्या आत फांद्यांसारख्या भेगा फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. मोठ्या दाबाची वीज सोडून चाचणी घेता येते. इंजिनिअर नेमकी तीच घेऊ देत नव्हता.

"त्याचं काम त्याला करू दे गं. तू तर दूधवाल्याच्या मापावरही संशय घेतेस."

"म्हणून तर आपल्याकडे दूध पातळ येत नाही."

दिराची हॉस्पिटलच्या विश्वस्तांशी ओळख होती. एक फोन पुरला.

दुसऱ्या दिवशी बाळांना शेजारच्या इमारतीत हलवलं. चाचणीची गाडी आली आणि दुपारी केबल पास झाली. संध्याकाळी बाळं परत आपापल्या जागी आली.

तेवढ्यात इंजिनिअर बॅटऱ्यांची ढकलगाडी घेऊन आत शिरला. एकेका पाळण्याशी थांबून यंत्राला बॅटरी जोडत शेवटी कोपऱ्यातल्या पाळण्याकडे वळला.

"आता हे काय नवीन?" तिने वाट अडवली.

"असू दे जवळ."

"केबल पास झाली ना?"

"झाली."

"मग? तोंडघशी पडलात म्हणून हे नाटक? माझ्या बाळाच्या यंत्राला हात लावायचा नाही."

"जोडू द्या ना ताई," नर्स म्हणाली.

"डॉक्टरांना येऊ दे आधी."

इंजिनिअरने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ. "घेऊन येतो त्यांना," म्हणाला आणि धावतच गेला.

दिराला फोन करायला ती खाली अंगणात आली. चाचणीवाला गाडीत वायरी गुंडाळून ठेवत होता.

"आता निर्धास्त ना हो?" तिने विचारलं.

"नवी केबल असती तर निर्धास्त. जुन्या आवरणाला एवढा दाब दिला की तेवढ्यापुरतं ते तग धरतं, पण आतून खचतं. वीज परत सुरू झाली की बरेचदा थोड्या वेळात फुटतं. तुमचे साहेब बिचारे नको नको म्हणत होते. पण वरून कुणाचा तरी फोन आला म्हणे."

तिने वर पाहिलं. वॉर्डच्या सगळ्या खिडक्या एकदम काळ्या झाल्या. मग बॅटऱ्यांचे हिरवे ठिपके उजळले, खिडकीमागून खिडकी, थेट कोपऱ्याच्या अलीकडच्या खिडकीपर्यंत.