घरचा रंधा

"हत्यारं कारखान्याची वापरायची. घरचं आणून मोडलंत, तर भरपाई नाही," फर्निचर कारखान्याच्या मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं. मुरलीधर सुताराला बरंच वाटलं. आजवर प्रत्येक हत्यार त्यानं पदरमोड करूनच घेतलं होतं.

पण रोज संध्याकाळी रंधा कोठीत जमा व्हायचा आणि सकाळी भलताच हाती यायचा. आपण जीव ओतून लावलेली धार दुसराच कुणीतरी बोथट करायचा. हळूहळू मुरलीधरनंही धार लावणं सोडलं.

खंडेनवमीला तो घरी आला, तर बायकोनं त्याची जुनी हत्यारं पाटावर मांडून झेंडू वाहिला होता. रंध्याचं पातं गंजलं होतं. त्यानं तेलाची चिंधी घेतली.

"अहो, आज हत्याराला विश्रांती असते. धार नका लावू."

"धार कुठं लावतोय? तोंड पुसतोय त्याचं."

दसऱ्यानंतर तो कामावर निघाला, तेव्हा डब्याच्या पिशवीतून रंध्याची मूठ डोकावत होती.

"मोडला तर भरपाई नाही म्हणाले होते ना?" बायकोनं आठवण करून दिली.

"नसू दे. मोडला तर माझा मोडेल."