जाळीमागून

“नाही आले तर?” तेजलने पुन्हा विचारलं.

“नाही आले तर संग्रहालय बघून घरी जाऊ. तिकीट काढलंय ना,” नूतन म्हणाली. पण तिच्याही हातातल्या रुमालाचा पार चोळामोळा झाला होता.

मुल्लांचं हे जुनं घर संग्रहालय झाल्यापासून बदलापुरात त्याचं कौतुक पुष्कळ, बघायला मात्र कुणी फिरकत नाही. म्हणून तर तेजलने ही जागा निवडली. पाहण्याचा कार्यक्रम घरी ठेवला असता तर चहा उकळायच्या आत हेंद्रेपाडाभर बातमी झाली असती. आजीला, म्हणजे बनूबाईंना, ब्लाउज शिवायला टाकतो असं सांगून मायलेकी निघाल्या होत्या. आधी जमू दे, मग आजीचा भडका सोसता येईल.

याआधी दोन स्थळं मोडली होती. “हे शेवटचं. यापुढे मी येणार नाही,” असं नूतनने रिक्षातच बजावलं होतं. तेव्हापासून तेजल सारखी घड्याळ बघत होती.

अंबरनाथहून दौलतराव आणि त्यांचा मुलगा सुयोग आले. चौघंही दिवाणखान्यातल्या झुंबराकडे बघत उभी राहिली, जणू त्याच्याचसाठी आली होती.

“ट्रॅफिक लागलं,” दौलतराव म्हणाले.

“हो, असतंच,” नूतन म्हणाली.

तिकिटं देणाऱ्या झुबेदाआपा मुल्लांच्याच घरातल्या. त्यांनी चौघांकडे एकदा बघितलं आणि काय ते ओळखलं. “बेटा, तुम्ही दोघं वर जाऊन जाळी बघा. मोठ्यांना बसू द्या इथे.”

वर लाकडी जाळीची खिडकी होती.

“घरातल्या बायका तिथून पाहुणे बघायच्या,” आपांनी खालून सांगितलं. “पाहुण्यांना काही दिसायचं नाही. स्थळ आलं की सगळ्या तिथेच!”

तेजलला हसू येईना. सुयोग बुटांकडे बघत होता.

“तू किती सालची?” त्याने विचारलं.

“सत्त्याण्णव.”

“मी नव्याण्णव. म्हणजे तू मोठी.”

“चालेल ना?”

“मला काय प्रॉब्लेम?”

“घरी जेवण कोण करतं?”

“मम्मी गेल्यापासून मी आणि पप्पा. डाळ बरी जमते. चपाती का तो पूछ मत.”

“आणि नोकरी? सोडायला नाही ना लावणार?”

“कशाला? पप्पाच बोलतात, नोकरीवाली पाहिजे. घरी बसून माणूस वेडा होतो.”

तेजलला हायसं वाटलं, पण क्षणभरच. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. मोठी माणसं गप्प झाली की स्थळ मोडतं, हे तिने दोनदा पाहिलं होतं. तिने भीत भीत जाळीला डोळा लावला. शेजारी सुयोगही वाकला.

खाली दौलतरावांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला होता. स्वतः केलेला शिरा असावा. संग्रहालयात खायला मनाई होती. आपा मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. नूतनने एक घास खाल्ला, नाक मुरडलं, काहीतरी म्हणाली आणि दौलतराव खो खो हसले. मग तीही हसली. रुमाल बाकाखाली पडला होता, तिला पत्ताही नव्हता.

वडील गेल्यापासून आईला असं हसताना तेजलने पाहिलं नव्हतं.

“जमलं वाटतं,” सुयोग कुजबुजला. “आता?”

“आता काय,” तेजल डोळे पुसत म्हणाली, “आजपासून मला ताई म्हणायचं.”