तिरका खांब

कोपऱ्यातला खांब तिरका बसला होता आणि मिस्त्री खूश होते. थोडं मागे जाऊन त्यांनी तो पुन्हा पाहिला. तिरकाच होता. हात झटकून ते चहा ठेवायला घरात वळले.

शेजारचे पोस्टमन कुंपणावर कोपरं टेकून उभे होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता. "मिस्त्री, हा खांब मला वाकून नमस्कार करतोय," ते म्हणाले. "एवढा मान मला नोकरीत कधी मिळाला नाही."

"जुना माल आहे," मिस्त्री म्हणाले. "असं व्हायचंच."

गेल्या महिन्यातल्या वादळात परसातली जुनी शेड कोसळली, तेव्हा मिस्त्री तिच्यापासून हातभर अंतरावर होते. दुसऱ्याच दिवशी मुलगी आली. ती लिफ्ट तपासायच्या नोकरीत होती. तिच्या सहीशिवाय लिफ्ट चालू होत नसे. तिने ढिगारा पाहिला, बापाचा खरचटलेला खांदा पाहिला आणि आता माझ्याकडे राहायला चला, असं सांगून टाकलं. मिस्त्रींचा पारा चढला. जन्मभर लोकांची घरं उभी केली ती काय कोणी मला उचलून न्यावं म्हणून? पोस्टमनच्या देखत त्यांनी पैज लावली. याच ढिगाऱ्यातून आणि लोकांनी टाकून दिलेल्या सामानातून मी शेड उभी करतो. तू येऊन तपास. एक जरी खोट काढलीस, तर पेटी भरून तुझ्या मागोमाग येतो. नाही निघाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मुलगी बरं म्हणाली होती.

मिस्त्रींनी पाडलेल्या शाळेतून बाकांच्या फळ्या आणल्या, बंद कारखान्याचे पत्रे आणले, भंगारात निघालेल्या बसच्या खिडक्या आणल्या. सुरुवातीला कामाला जोर होता. मग एका संध्याकाळी ओट्याशी उभ्या उभ्या जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की आज दिवसभर आपण फक्त फळ्यांशी बोललो आणि तेही शिव्या देऊन. बायको गेल्यापासून बरेच दिवस असेच जात होते. त्यांना एकदम मुलीचं घर आठवलं. तिथे टीव्ही आणि मिक्सर एकाच वेळी चालू असायचे आणि जावई त्या दोन्हींच्या वर आवाज काढून बोलायचा. तिथे जावं असं त्यांना फार वाटलं.

पण पैज त्यांचीच होती. आणि पोस्टमनच्या देखत लावलेली, म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक झालेली. आपणहून "येतो" म्हणायला जीभ रेटेना. त्यापेक्षा हरणं सोपं होतं. एक खांब तिरका राहिला की झालं. जुन्या मालाचं काम, कोण नावं ठेवणार?

चहा घेऊन ते बाहेर आले आणि खांबाकडे पाठ करून बसले. अर्धा कप झाला. मग लाकडाची पाचर कुठे ठेवली तेवढं बघावं म्हणून उठले. काही वेळाने पोस्टमननी विचारलं, की नमस्कार का बंद झाला. खांब सरळ उभा होता आणि उरलेला चहा गार झाला होता.

मिस्त्रींनी खांब सरळ आहे का ते बघायचा आपला ओळंबाच पोस्टमनच्या हवाली केला. मी मागितला तरी देऊ नका, म्हणाले. उपयोग झाला नाही; इतक्या वर्षांत तो डोळ्यातच उतरला होता. दाराच्या बिजागरीचा स्क्रू मुद्दाम ढिला ठेवला, तर सकाळी दात घासता घासता दुसऱ्या हाताने तो आवळून टाकला. शेवटी त्यांनी छपराचं काम पोस्टमनना दिलं. जन्मभर पत्रं वाटली, आता पत्रे ठोकतो, असं म्हणत पोस्टमन हौसेने शिडीवर चढले. त्यांचा एकेक खिळा वाकत गेला. मिस्त्री खालून समाधानाने बघत राहिले. मग पोस्टमन जेवायला गेले आणि मिस्त्री शिडीवर चढले. परत आल्यावर पोस्टमनना आपले खिळे ओळखू येईनात, आणि ते संध्याकाळपर्यंत रुसून बसले.

रविवारी मुलगी आली. पिशवीतून तिने स्वतःची लेव्हल काढली आणि चौकटीवर ठेवली. नळीतला बुडबुडा मधोमध थांबला. तिने ती तुळईवर ठेवली, खिडकीच्या कडेवर ठेवली. खांब धरून हलवले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. पत्र्यावर पाण्याची बादली ओतून आत जाऊन वर बघत बसली. मिस्त्री श्वास रोखून उभे होते. तिला मदत व्हावी म्हणून त्यांनी मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथलं मला स्वतःला खात्रीचं वाटत नाही, म्हणाले. ती लगेच तिकडे गेली. गुडघ्यावर बसून बराच वेळ शोधत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"पास आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही इथेच राहा."

"मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतं."

कुंपणापलीकडून पोस्टमननी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिची गाडी बाहेर उभी होती. मागची सीट काढून टाकलेली होती. तिथे जाड चादर अंथरली होती, कोपऱ्यात दोराचं वेटोळं होतं, आणि एका माणसाची पेटी आणि गादी बरोबर मावेल एवढी जागा मोकळी होती.

मिस्त्री त्या जागेकडे बघत राहिले. सीट कुठे गेली, त्यांनी विचारलं.

"दुरुस्तीला दिलीय," मुलगी म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधू लागली.

"बरं," मिस्त्री म्हणाले. ती निघण्याआधी त्यांनी मागचं दार ओढून पाहिलं. नीट लागलं नव्हतं. त्यांनी ते उघडून पुन्हा पक्कं लावलं.