चारही कडांना खळ

"मग, सापडलं का तुला पेपरात?" चहाचा कप पुढे सरकवत मावशींनी विचारलं.

संशोधक मुलीच्या मांडीवर ती वही होती. जाड पुठ्ठ्याची, सतरा कात्रणांची. परत द्यायला आणली होती, पण हातातून सुटत नव्हती. बसमध्ये तिने उत्तर तीनदा घोकलं होतं.

मावशी म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलींच्या हॉकी संघाची गोलकीपर. मैदानावर सगळे त्यांना भिंत म्हणायचे. आता गुडघे कुरकुरतात, जिन्यात कठडा धरावा लागतो. पण त्या दारात उभ्या राहिल्या तर आजही आत शिरायची कोणाची टाप नाही, असं त्यांचे जावईच सांगतात.

मुलींच्या खेळाला वर्तमानपत्रांनी किती जागा दिली, हा मुलीच्या प्रबंधाचा विषय. सात महिने ती जुन्या अंकांच्या फायली चाळत होती, पट्टी घेऊन बातम्यांची लांबी मोजत होती. पट्टीला फारसं काम पडलं नाही. पुरुषांच्या खेळाला अख्खं पान आणि मुलींच्या वाट्याला वर्षाकाठी एखादा फोटो, त्यातही कप देणारे पाहुणे मधोमध. मग कोणीतरी मावशींचा पत्ता दिला आणि ही वही हाती लागली. सतरा रविवारचे सतरा सामने, तेही मिनिटामिनिटाचे. "गोलरक्षिकेने उत्तरार्धात सहा गोल अडवले." एका पराभवाच्या बातमीत तर "पंचांचा निर्णय संशयास्पद होता" असंही ठणकावून लिहिलेलं. मुलीला आभाळ ठेंगणं झालं. प्रबंधाचं चौथं प्रकरण या वहीवर उभं राहणार होतं.

एकच गोष्ट तिला खटकली होती. कात्रणं चारही कडांना खळ लावून पक्की चिकटवली होती. तिच्या कामात कात्रण फक्त वरच्या कडेला चिकटवतात. मागचा मजकूर वाचता येतो, त्यावरून तारीख पडताळता येते. जुन्या माणसांना हे कोण शिकवणार, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. वहीत पेन्सिलीने पेपरचं नाव आणि तारखा लिहिलेल्या होत्याच.

त्या तारखांचे अंक तिने काढले. बातमी नव्हती. आदल्या दिवशीचे काढले, दुसऱ्या दिवशीचे काढले. सतरापैकी एकही नव्हती. शेवटी त्या पेपरच्या छापखान्याचे निवृत्त फोरमन तिने शोधून काढले. कात्रणांचे फोटो डोळ्यांशी धरून ते बराच वेळ गालात हसत होते.

"अक्षरांचे खिळे आमच्याच छापखान्यातले," ते म्हणाले. "पण हे पेपरात कधी आलंच नाही. ही प्रुफं आहेत. या गोलकीपरचे वडील आमच्याकडे खिळे जुळवायचे. संपादक मुलींची बातमी घ्यायचे नाहीत. मग हे पाळी संपली की स्वतःच बातमी जुळवायचे, एकच प्रत काढायचे, कातरून घरी न्यायचे. पोरीला सांगायचे, पेपरात आलंय. घरी पेपर घेत नव्हते, त्यामुळे निभावून गेलं. आम्हाला शपथ घातली होती."

चौथं प्रकरण पाण्यात गेलं, त्याचं दुःख मुलीला झालंच. पण त्याहून मोठा पेच समोर चहा ओतत बसला होता. आयुष्यभर उराशी धरलेली ही वही खोटी आहे, हे या बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

"वाळवी लागली होती, मावशी," ती कपाकडे बघत म्हणाली. "त्या वर्षाची फाईलच गेली."

मावशी हसल्या.

"मोठी चोखंदळ वाळवी म्हणायची. बरोबर आमचंच वर्ष निवडलं."

मुलीचे कान तापले. मावशींनी वही ओढून घेतली, पहिलं पान उघडलं आणि कात्रणावरून तळवा फिरवला.

"बाबांना रविवारी सुट्टी नसायची. माझा एकही सामना त्यांनी पाहिला नाही. संध्याकाळी आले की हातपाय न धुताच मला समोर बसवायचे. चेंडू कुठून आला, तू कुठल्या पायावर होतीस, किती अडवलेस. मी आपली तासभर बडबडायचे. त्या पंचाला तर मी त्या दिवशी वाट्टेल ते बोलले होते." त्यांनी पान उलटलं. "आणि सोमवारी संध्याकाळी खिशातून कात्रण निघायचं. शाईचा वास यायचा त्याला. अजून कधी कधी येतो, असं वाटतं मला."

मुलीने निवत आलेला कप बाजूला सारला.

"वाळवीला कशाला मध्ये घेतेस?" मावशी म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच सोमवारपासून. कात्रण हातात आलं तशी सवयीने उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी. पेपर कधी मागून कोरा असतो का?"

"मग तुम्ही त्यांना काहीच बोलला नाहीत?"

मावशींनी वही मिटून मांडीवर घेतली.

"दर सोमवारी ते ही वही मागून घ्यायचे आणि पहिल्यापासून एकेक पान बघायचे. एखादं कात्रण सुटून उलटं पडलं असतं, तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं. म्हणून चारही कडांना खळ लावली."