ढिगाचा ताप

शेवंताने पालापाचोळ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. पाला आणि गवत कुजून ढीग तापला, की मगच त्यात अळिंबीचं बियाणं पेरता येई. आणि शेतं करपल्यापासून अख्खी वस्ती अळिंबीवरच जगत होती. ढीग गार होता. तिने आतली मूठभर पानं ओढून काढली. दिवाळीत भरलेली ती पानं अजून हिरवीगार होती.

अळिंबीवर पडणारी कीड मारायला ड्रोनने गावोगाव औषध फवारलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. औषध फारच गुणाचं निघालं. कीड मेली, मग शिळं विटेना. बायकांनी तेही फायद्यातच धरलं. पुढे शेळीच्या दुधाला विरजण लागेना, तर सासू म्हणाली, "हिच्या हातालाच चव नाही." कुजणंच जगातून उठलंय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"अहो, गार आहे हो हे."

"तुझा हातच गार. सरक," म्हणत तिचा नवरा महिपती पलीकडून ढिगात हात खुपसून बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तापलाय की! बघ."

शेवंताने घाईघाईने हात खोल घातला. खरंच ऊब लागली. तिचा जीव भांड्यात पडला. मग त्या उबेला बोटं आहेत, हे तिला कळलं.

"लागली ना?" महिपतीने तिच्याकडे न बघता विचारलं.

"लागली," ती म्हणाली, आणि तिने हात काढून घेतला नाही.